स्टॉपावरचा निंब

नरहरींची नजर एका दिवसात नाही गेली. काचबिंदूनं ती कडेकडेनं कुरतडली, उंदरानं भाकरी कुरतडावी तशी, आणि शेवटी मधला तुकडाही उचलून नेला. तोवर घरची रीत अशी होती की नरहरी वाचायचे आणि वनमालाबाई ऐकायच्या. बाई शिकल्या होत्या दुसरीपर्यंत, तुमसरजवळच्या एका गावात. अक्षर अक्षराला जोडता यायचं, पण बसची पाटी जोडून होईस्तोवर बस पुढच्या चौकात पोचलेली असायची. म्हणून पाटी, पत्रिका, औषधाची बाटली, सगळं नरहरी वाचत. आणि रेल्वेच्या मालधक्क्यावर जन्म काढलेल्या त्या माणसानं एवढ्या वर्षांत एकदाही म्हटलं नाही की तुले एवढंही येत नाही का.

नजर गेल्यावर सगळं उलटं झालं. आता बाई सांगतील ते जग. दारात कोण आलं, ताटात काय वाढलं, आभाळ भरलं की मोकळं आहे, सगळं बाईंच्या तोंडून. हे त्यांना आवडायला लागलं आहे असं कोणी म्हटलं असतं तर त्यांनी त्याची सालटी काढली असती. पण आवडायला लागलं होतं. आणि त्यांची एक खोड होती. "मले नाही मालूम" हे त्यांच्या तोंडून निघत नसे. विचारलं की उत्तर हजर, चुकलं तरी ठसक्यात. डोळस माणसापुढे अशी खोड खपून जाते, कारण तो आपला स्वतः बघून घेतो. नरहरींना बघून घेता येत नव्हतं. बायकोनं हातात दिलेला कप ते विचारल्याशिवाय तोंडाला लावत.

जुन्या रायपुरात, तात्यापाऱ्यातल्या दोन खोल्या सुटल्या, घरमालकाला तिथं दुकानं काढायची म्हणून. अंगणातला निंबही त्यातच गेला. मुलगा शेखर मंत्रालयात बाबू, त्याला नव्या रायपुरात सरकारी क्वार्टर मिळालं आणि म्हातारा-म्हातारी सामानासोबत तिकडे आली. रस्ते एवढे रुंद की पलीकडच्या फुटपाथवरचा माणूस दुसऱ्या गावचा वाटावा. बस दिसली तर नवल. तात्यापाऱ्यात बाई ओट्यावर बसून भाजीवाल्यापासून नगर निगमच्या माणसापर्यंत सगळ्यांचा समाचार घ्यायच्या. इथं समाचार घ्यायला माणूसच नव्हतं. सगळी दारं बंद, आणि दारांमागं टीव्ही.

मग उरली झाडं. राजधानी बसवणाऱ्यांनी रस्त्याच्या दोन्ही बाजूंना ती रांगेनं लावली होती, शाळेत पोरं उभी करतात तशी. रोज सकाळी नरहरींचा हात खांद्यावर घेऊन बाई निघायच्या. माघ सरत आला होता.

"आता काय आहे समोर?"

"शिरीष. सारा झडला. शेंगा वाजून राहिल्या, ऐकू येते न?"

"येते. अन् पुढे?"

"करंज. याची पानं पिवळी पडून राहिली. हा आता नागडा होते अन् चैत्रात पुन्हा नवरदेव."

नरहरी हसायचे, पुढं होऊन खोडावर हात ठेवायचे. हात फिरवताना त्यांचे डोळे उघडे असत आणि कुठंच बघत नसत. वसंत यायचा होता, आणि तो त्यांच्यापर्यंत यायला एकच वाट होती. ती बाईंच्या तोंडातून जात होती.

एकदा एक झाड आलं. अंगावर पान नाही एकही, नुसती गुलाबी फुलं, भोंग्यासारखी, झुबक्यांनी. असलं झाड बाईंनी जन्मात पाहिलं नव्हतं.

"कांचन," त्या म्हणाल्या.

"कांचन? पान उंटाच्या पावलासारखं?"

"हो तर."

"आमच्या गोंदियाच्या क्वार्टरमागे होता," नरहरी म्हणाले, आणि घरापर्यंत त्या कांचनाचंच बोलत राहिले. किती दिवसांनी एवढे बोलले. खोट्यानं माणूस एवढा खूश होत असेल तर त्याला खोटं कशाला म्हणायचं, असं बाईंनी स्वतःला समजावलं. फार समजवावंही लागलं नाही.

निंब सापडला तो त्याच आठवड्यात. बस स्टॉपच्या मागं एक झाड उभं होतं, पानं गळालेलं, आणि फांद्यांवर पिवळ्या फळांचे घोसच्या घोस.

"अहो, निंब! निंब सापडला!"

नरहरी जागीच थांबले. तात्यापाऱ्यात दर चैत्रात ते कोवळ्या पाल्याचा रस घेत, कपभर, साखरेच्या आजारासाठी. अजून पाय शाबूत आहेत ते त्या रसानं, असं ते डॉक्टरच्या तोंडावर सांगत. घर सुटलं तेव्हा त्यांनी दुसऱ्या कशाचं नाव काढलं नव्हतं, निंबाचं काढलं होतं.

"पण माघात निंबोळ्या?" ते म्हणाले. "त्या तं जेठात पिकतात न."

"इथं सरकार पाईपानं पाणी पाजते झाडाईले. लागत असतील बारमाही. राजधानी आहे बाप्पा!"

"असं म्हणतेस?" नरहरी हसले. काठी चाचपत पुढं गेले, खोड सापडलं, त्यावर दोन्ही हात ठेवले. "चैत्राची सोय झाली."

त्या दिवसापासून घरी येईल त्याला नरहरी सांगायचे, आमच्या हिनं निंब शोधला. शेखरच्या ऑफिसातले दोघे आले, त्यांना सांगितलं. दूधवाल्याला सांगितलं. बाई आत कणीक मळता मळता ऐकायच्या, आणि ती कणीक जरा जास्तच मळली जायची.

फाल्गुनात झाड फुटलं. सून क्षमा सकाळी त्याच स्टॉपवरून शाळेची बस धरायची, मास्तरीण होती ती. मूळची भिलाईची. मराठी समजायची सगळी, बोलताना अर्ध्यात हिंदीत घसरायची. संध्याकाळी चप्पल काढता काढता म्हणाली, "आई, तुमच्या त्या झाडाले जांभळी फुलं आली. नीम को तो सफेद आते हैं ना?"

"तुया भिलाईत कारखान्याच्या धुरात तुले पांढरं काय अन् जांभळं काय दिसलं, बाई?"

शेखर हसला. खुर्चीतून नरहरी म्हणाले, "जांभळी?"

एकच शब्द. पण त्यात त्यांची मान बाईंकडे वळली होती.

"जांभळी कुठची! पांढरीच आहेत. बस पकडायच्या घाईत हिले काय दिसते."

"मी म्हटलं तेच," नरहरी म्हणाले, आणि मान परत जागेवर गेली.

क्षमानं सासूकडे बघितलं. एवढंच म्हणाली, "पाडव्याले निंब पाहिजे असंल तर हे आणतील न जुन्या रायपुरातून. कोपऱ्या-कोपऱ्यावर आहे तिकडे."

"दारात झाड असताना तिकडून आणायचा? लोक हसतील."

कोणते लोक ते बाईंनाही सांगता आलं नसतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी, नरहरी निजल्यावर, त्या एकट्याच स्टॉपवर गेल्या. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. झाड वरपासून खालपर्यंत फिक्या जांभळ्या फुलांनी भरलं होतं. वास गोड, अत्तराच्या फायासारखा. निंबाचा मोहर असा मिरवत नाही. पान हातात घेऊन बघितलं, तर देठाला फाटे आणि त्या फाट्यांना पुन्हा फाटे. आणि नव्या फुलांच्या शेजारीच गेल्या सालची फळं सुरकुतून लटकलेली.

बाईंना कळलं. तिथंच, उभ्या उभ्या कळलं. निंबाखाली अर्धा जन्म काढला होता, न कळायला काय झालं.

त्यांनी एक पान चावून बघितलं. कडू होतं. कडू तर आहे न, त्या स्वतःशी म्हणाल्या, आणि बुडता माणूस दोरीला धरतो तसं त्या कडूपणाला धरून घरी आल्या.

एक वाक्य पुरलं असतं. अहो, तो निंब नाही निघाला. नरहरी काही रागावणारे नव्हते. पण मग त्यांनी विचारलं असतं, अन् तो कांचन? आणि कांचनामागून बाकीची रांग. शेवटी तो प्रश्न, की आणखी काय काय सांगितलंस मले? त्या माणसाकडे जगाचं जे काही उरलं होतं ते सगळं त्यांच्या शब्दावर उभं होतं. खालचा एक दगड काढायची बाईंची हिंमत झाली नाही. भीती होती ती. बाहेरून तिला लोक बाईंचा तोरा म्हणत.

पाडव्याला गॅलरीत गुढी उभी राहिली. तिला बांधायला डहाळी आणली त्याच झाडाची, आणि आणण्याआधी बाईंनी तिची फुलं एकूण एक ओरबाडून स्टॉपामागं टाकली. पाला वाटला, गूळ, ओवा, भिजवलेली चण्याची डाळ घालून प्रसाद केला. क्षमानं तो कपाळाला लावला आणि तुळशीच्या कुंडीत ठेवला. शेखरनं चिमूटभर पाण्यासोबत गिळला. बाईंनी जिभेला लावला. नरहरींनी मात्र रीतीनं चावून खाल्ला, बराच वेळ.

"कडू आहे," ते म्हणाले. "पण निंबासारखं टाळूले चढत नाही."

"म्हातारपणी जिभेलेही मोतीबिंदू होते."

सगळे हसले. नरहरीही. पण ते बोलणं बाईंच्या मनात काट्यासारखं मोडून राहिलं. आपल्या हातच्या कडूला नाव ठेवलं.

दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता त्यांनी पाला खुडून आणला, ओंजळभर पिवळी फळंही आणली. पाट्यावर सगळं एकत्र ठेचलं, कपड्यातून पिळलं. कप काठोकाठ भरला. नरहरींच्या हातात दिला. त्यांनी डोळे मिटून, जणू उघडे असते तर काही दिसलं असतं, तळापर्यंत घेतला आणि मिशी पुसली.

"आता बरोबर. आता चढलं."

उन्हं वर येईस्तोवर उलट्या सुरू झाल्या. मग पोट. बाईंनी मीठसाखरेचं पाणी दिलं, तळपायाला कांदा चोळला, ऊन लागलं म्हणाल्या. पण नरहरी घराबाहेर पडलेच नव्हते. पाण्याचा गिलास त्यांच्या हातात ठरेना. उठून बसवावं तर पाय लोंबते, बोलावं तर जीभ जड. क्षमाच्या शाळेला सुट्टी होती, तिनं शेखरला फोन केला, तो मंत्रालयातून गाडी घेऊन आला. मागच्या सीटवर बाईंच्या मांडीवर डोकं ठेवून त्यांना निजवलं आणि गाडी जुन्या रायपूरकडे निघाली.

"आई, काय खाल्लं बाबांनी?" शेखरनं आरशातून विचारलं.

"काल पुरणाची पोळी खाल्ली न साऱ्यांनी. बाधली असंल."

क्षमा पुढच्या सीटवर होती. तिनं मागं वळून बघितलं आणि पुन्हा पुढं बघू लागली. बाहेर रांगेनं झाडं पळत होती.

हॉस्पिटलात एक पोरगेलासा डॉक्टर आला. पोट दाबून बघितलं, डोळ्यात बॅटरी मारली, मग आठवून खाली घेतली. "सुबह से क्या लिया है इन्होंने?"

बाईंनी तोंड उघडायच्या आधीच नरहरी बोलले. शब्द चिखलातून ओढल्यासारखे येत होते, पण त्यात एक ऐट होती. "नीम का रस. हर साल लेता हूँ. घरवाली देती है."

"नीम से इतना नहीं होता, बाबूजी." डॉक्टरनं नर्सकडे बघितलं. "शुगर है, उमर है, ज़ुबान लड़खड़ा रही है. सिर की फोटो करा लो पहले."

वॉर्डातली दोन पोरं आली, स्ट्रेचर वळवू लागली. शेखर कागदावर सही करायला गेला. क्षमा भिंतीला टेकून सासूकडे बघत होती. तिला सांगता आलं असतं. तिनं सांगितलं नाही. सासूचा मान राखला म्हणा, नाहीतर सासूला तिथं एकटं उभं केलं म्हणा. बाईंना यातलं दुसरं खरं वाटलं.

स्ट्रेचरची चाकं करकरली. डोक्याची फोटो काढतील, डोक्यात काही सापडणार नाही, मग दुसरीकडे शोधतील. तोवर हा माणूस जाईल, आणि तोंडात 'घरवाली देती है' घेऊन जाईल.

"ओ डॉक्टर," बाई म्हणाल्या. "वो नीम नहीं था."

"फिर क्या था?"

"मालूम नहीं."

तो शब्द निघाला आणि काहीच कोसळलं नाही. पंखा फिरत होता, नर्स सुई काढत होती.

"फूल जामुनी. पत्ता कडू. फल पीला, गुच्छे में. मैंने फल भी कूटा उसमें."

"आपको पता था कि नीम नहीं है?"

तो रागावून विचारत नव्हता. त्याला कागदावर लिहायचं होतं.

"हव," बाई म्हणाल्या.

क्षमानं आता मोबाईल पुढं केला. स्टॉपवर उभ्या उभ्या तिनं कधीतरी त्या फुलांचा फोटो काढून ठेवला होता. पोरगेला डॉक्टर तो घेऊन आत पळाला आणि एका मोठ्या डॉक्टरला घेऊन आला. त्यानं बघता क्षणी म्हटलं, "बकाइन है ये. फल ज़हर है इसका." याच्यावर उतारा नसतो, सलाईन लावू, नजर ठेवू, पोट धुण्याची वेळ निघून गेलीय, असं काय काय म्हणाला. सगळे घाईत हलू लागले.

त्या घाईत नरहरींचं तोंड छताकडं होतं.

"तुले मालूम होतं?" ते म्हणाले.

"हो."

"जांभळी होती फुलं?"

"हो."

आणखी काही विचारतील म्हणून बाई वाकून थांबल्या. त्यांचा हात चादरीवरून चाचपत सरकला, बाईंच्या हाताजवळून गेला, आणि स्ट्रेचरचा लोखंडी दांडा सापडला तसा त्याला धरून राहिला.

नरहरी वाचले. बरेच दिवस काचेच्या दाराआड होते, श्वास मशीनवर होता, मग हळूहळू स्वतःचा झाला. घरी आले तेव्हा वैशाखाची उन्हं लागली होती. डाव्या हाताला थरथर राहिली, पाय भिंतीशिवाय चालेनात. सकाळचं फिरणं तर सुटलंच. त्यांनीही त्याचं नाव काढलं नाही.

शेखर आईला एका शब्दानं बोलला नाही. क्षमाही नाही. घरात सगळे बाईंशी असे वागू लागले जसं सुतकातल्या बाईशी वागतात, जपून, जरा अंतरावरून. बाईंनी दोन-तीनदा मुद्दाम भांडण उकरून काढलं. भाजीत मीठ नाही, कपडे नीट पिळले नाही. कोणी तोंडच लागेना. "हव आई," म्हणायचे आणि मीठ आणून ठेवायचे.

एका दुपारची गोष्ट आहे. शाळा सकाळची झाली होती, क्षमा यायची होती. पंख्याचा वारासुद्धा तापलेला. नरहरी खुर्चीत बसून ओठांवरून जीभ फिरवत होते. बाईंनी माठातलं पाणी काढलं, गिलास हातात दिला.

"पाणी आहे."

नरहरींनी गिलास नाकाजवळ नेला. मग त्यात एक बोट बुडवलं.

"माठातलं?"

"माठातलं."

गिलास तसाच हातात राहिला. थरथरीनं त्यातलं थोडं धोतरावर सांडलं.

"क्षमा आली का?"

"यायची आहे. पाणी आहे हो नुसतं. थांबा." बाईंनी त्यांच्या हातातून गिलास घेतला, त्यांना ऐकू जाईल असा मोठा घोट घेतला. "पाहा. मी पिली."

"पाहू कसा?" नरहरी म्हणाले.

टोमणा नव्हता तो. टोमणा असता तर बाईंना परतवता आला असता. त्यांनी खरंच विचारलं होतं.

बाईंनी गिलास परत त्यांच्या हाती दिला. नरहरींनी पायाशी जमीन चाचपली, गिलास सावकाश खाली ठेवला, आणि हात मांडीवर घेऊन बसून राहिले. बाई समोर उभ्या होत्या. बसावं की नाही ते त्यांना कळेना.

जिन्यात चपला वाजल्या. नरहरींची मान दाराकडं वळली.

क्षमा आत आली, घामानं डबडबलेली, खांद्यावर पर्स. तिनं सासऱ्यांकडं बघितलं, खालच्या गिलासाकडं बघितलं, मग सासूकडं. बाईंनी पदरानं तोंड पुसलं.

"दे त्याईले," त्या म्हणाल्या. "तुया हातानं दे."

क्षमानं पर्स खाली टाकली, वाकून गिलास उचलला. "बाबा, पाणी," म्हणाली.

तोच गिलास, तेच पाणी. नरहरींनी ते एका दमात संपवलं आणि आणखी मागितलं.